बॉटलब्रशची बोंडं

१

बाबांना भरवायचं म्हणजे सकाळचा तासभर सहज जायचा. नाचणीची पेज पातळ झाली की ठसका लागे, घट्ट झाली की गालात साठून राही. दीक्षाला आता अंदाज आला होता. उशांना टेकवून बसवायचं, हनुवटीखाली टॉवेल, छोटा चमचा, आणि घास डाव्या बाजूने. उजवी बाजू गेल्या वर्षीच्या झटक्यात गेली होती. त्या बाजूबरोबर वाचाही गेली.

भीमराव ओव्हाळ पाटबंधारे खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. घराण्यातले पहिले साहेब. आता त्यांच्या गळ्यातून फक्त एक 'हं' निघायचं, तेही मनात आलं तर. दीक्षा जवळच्याच कॉलेजात फिजिक्स शिकवायची. ती नोकरी तिने सोडली आणि हॉलमध्ये लॅपटॉप मांडून दुपारच्या ऑनलाइन शिकवण्या सुरू केल्या. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल विचारणारी माणसंही आता दमली होती. कर्वेनगरच्या त्या सोसायटीत तिचं नाव निघालं की कोणीतरी हमखास म्हणे, मुलगी असावी तर अशी.

बाबांची खोली मागच्या अंगाला, पहिल्या मजल्यावर. खिडकीला लागूनच बॉटलब्रशचं झाड. इमारत नवी होती तेव्हा बाबांनीच लावलेलं. बाटली घासायच्या ब्रशसारखे लाल तुरे ग्रिलमधून आत यायचे आणि शिंजीर पक्षी त्यांना उलटे लटकून मध प्यायचे. बाबांचा पलंग तिथेच, खिडकीला खेटून होता. दिवसभर ते तिकडेच बघत पडलेले असत.

चारचौघांत दीक्षा म्हणायची, "बाबा, अजून एक घास घेताय ना?" एकटी असली आणि पेज पुन्हा पुन्हा टॉवेलवर यायला लागली, की तिचं 'तुम्ही' सुटायचं.

"गिळ. गिळ ना एकदाचं. मुद्दाम करतोस तू."

ती ओरडत नसे. भिंती पातळ होत्या. दातांतल्या दातांत बोलायची, आणि लगेच ओल्या फडक्याने त्यांचं तोंड इतक्या हलक्या हाताने पुसायची, की मघाशी बोलून गेली ती दुसरीच कोणी असावी.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिचा लहरींवरचा तास चालू होता. मुलं गणित सोडवत होती, म्हणून तिने आपला माइक बंद ठेवला होता. घर शांत होतं. आतल्या खोलीतून कोणीतरी म्हणालं, "गिळ ना एकदाचं."

तिने हेडफोन काढला.

"मुद्दाम करतोस तू."

आवाज तिचा होता. आणि त्यातच काहीतरी चुकत होतं. आपला आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो, किनरा वाटतो. हे ती दरवर्षी वर्गात शिकवत आली होती. आपण स्वतःला हाडांमधून ऐकतो, जग आपल्याला हवेतून ऐकतं. हा आवाज मात्र तिला तिच्या डोक्यात ऐकू येतो तसाच, तितकाच भरीव, दाराच्या पलीकडून आला होता.

ती आत गेली. बाबांचे ओठ मिटलेले होते. ते खिडकीबाहेर बघत होते. एका तुऱ्यावर शिंजीर बसला होता, तो उडाला आणि फांदी हलत राहिली.

दीक्षाने मोबाइल तपासला. कुठलंही रेकॉर्डिंग चालू नव्हतं. मग ती हॉलमध्ये परत आली, माइक चालू केला आणि मुलांना विचारलं, "झालं का सगळ्यांचं?"

२

खालच्या फ्लॅटमधल्या जयाताई स्पष्टवक्त्या होत्या, पण मनाने चांगल्या. झटका आला त्या दिवशी बाबांना गाडीत घालायला त्याच पुढे झाल्या होत्या. गेटजवळ भाजीची पिशवी घेऊन उभ्या असताना त्यांनी दीक्षाला थांबवलं.

"बाबांना बाई ठेवलीस का गं?"

"बाई?"

"दुपारची येते ती. राग मानू नकोस, पण फार वाईट तोंड आहे तिचं. साहेबांना अरे-तुरे करते. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर खाली येते ना, सगळं ऐकू येतं. काल तू औषधं आणायला बाहेर पडलीस आणि हिचं सुरू झालं. म्हटलं, वर जाऊन दार वाजवावं."

काल दीक्षा औषधं आणायला गेली तेव्हा तिने बाहेरून कुलूप लावलं होतं. आत बाबा एकटे होते.

"काय म्हणत होती?" तिने विचारलं.

"आता ते मी माझ्या तोंडाने कशाला सांगू." जयाताईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "माणूस बोलू शकत नाही, म्हणून त्याला काही कळत नाही असं थोडंच आहे?"

खरं सांगून टाकायची ती वेळ होती. 'ताई, बाई कोणी नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं. पण त्यापुढचा प्रश्न दीक्षाला दिसला, आणि त्या प्रश्नानंतरचं जयाताईंचं तोंड दिसलं.

"नवीनच आहे," ती म्हणाली. "बोलते मी तिच्याशी."

"बोलू नकोस, काढून टाक. कुठली आहे?"

"वारज्याची. तोंडाने जरा फटकळ आहे, पण हाताने..." दीक्षा थांबली. आपण इतक्या सहज बोलतोय याचंच तिला नवल वाटलं. जी बाई नव्हतीच तिला तिने गाव दिलं, स्वभाव दिला, आणि स्वतःचं बोलणं तिच्या पदरात टाकून मोकळी झाली.

जिना चढताना तिचे कान तापले होते. कुलूप उघडायला हात वर केला आणि ती उगाचच बराच वेळ दाराला कान लावून उभी राहिली. आतून काही आलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर ती खाली उतरली आणि झाडाखाली जाऊन उभी राहिली.

आवाज कुठून येतो याला काही नियम असतात. समोर कंपाउंडची उंच भिंत, मागे इमारत, मध्ये अरुंद बोळ. वरच्या मजल्यावरचा कोणाचा तरी टीव्ही, कोणाचा तरी फोन, भिंतीवर आपटून भलतीकडूनच आल्यासारखा वाटू शकतो. तिने टाळी वाजवून पाहिली. टाळी परत आली, नेहमीसारखी.

मग तिची नजर फांद्यांवर गेली. पुढच्या टोकाला लाल तुरे, त्यांच्या मागे पानं, पानांच्या मागे बारीक करड्या बोंडांची रांग, लाकडाला घट्ट बिलगलेली. आणखी मागे आणखी एक रांग, मग आणखी एक. जितकी फांदी जुनी तितकी ती गच्च भरलेली. तिच्या लहानपणी बाबांनी एकदा तिला उचलून ते दाखवलं होतं. "फूल झडतं, फांदी पुढे जाते, बोंडं मात्र जागची हलत नाहीत. वर्षानुवर्षं तोंड उघडायचं नाही. फांदी वाळली की मगच." आणि हसून म्हणाले होते, "सरकारी नोकरीत अशी माणसं पाहिजेत."

वारा नव्हता. तुरे स्थिर होते.

"चादर बदलून दहा मिनिटं नाही झाली," तिच्या डोक्यावर तिचाच आवाज म्हणाला. "लाज वाटत नाही तुला?"

हे ती बोलली होती. दिवाळीच्या सुमारास, पुन्हा भिजलेल्या पलंगाजवळ उभी राहून. त्यानंतर तिने एक सुस्कारा टाकला होता. तो सुस्काराही आला.

जयाताईंची खिडकी सरकली. "ऐकलंस? मी काय म्हणत होते? आणि आता तू इथे, म्हणजे तिला रानच मोकळं."

दीक्षाने वर पाहिलं, जयाताईंकडे पाहिलं, आणि ती पळत जिना चढली. मोलकरणीला रंगेहाथ पकडायला निघालेली मालकीण जशी पळेल तशी. खोलीत बाबा जागे होते. दुसरं कोणी नव्हतं. खालची खिडकी अजून उघडी असणार हे तिला माहीत होतं.

ती खोलीच्या मध्यावर उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "हे बघा मावशी, बाबांशी असं बोललेलं मला चालणार नाही. उद्यापासून येऊ नका तुम्ही."

मग थोडं थांबली, कोणी उत्तर देत असल्यासारखी.

"नाही, मला काही ऐकायचं नाही. या तुम्ही."

तिने जाऊन बाहेरचं दार उघडलं आणि आपटून बंद केलं.

परत आली तेव्हा बाबा तिच्याकडे बघत होते. झटक्यानंतर त्यांच्या नजरेत फारसं काही उरलं नाही असं डॉक्टर म्हणत. पण दीक्षाने दहावीत खोटी सही केली होती तेव्हा ते असेच बघत राहिले होते. रागावून नाही, तिच्या वतीने स्वतःच शरमल्यासारखे. तिने पडदा ओढला.

४

त्यानंतर ती खोलीत बोलेनाशी झाली. पेज भरवायची, कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, सगळं तोंड मिटून. बाबा घास तोंडात घेऊन तिच्या ओठांकडे वाट बघत राहायचे. आधी निदान चमच्याबरोबर काहीतरी शब्द यायचे. आता नुसता चमचा यायचा. ते कमी खाऊ लागले.

रविवारी सौरभ आला. तिचा धाकटा भाऊ, बिबवेवाडीला राहायचा. आला की बाबांच्या पायांना तेल लावायचा, त्यांना क्रिकेटच्या बातम्या सांगायचा आणि जाताना ताईला डोळे भरून बघायचा. त्याचं ते बघणं दीक्षाला सहन होत नसे.

त्या दिवशी ती स्वयंपाकघरात होती. सौरभला ऑफिसचा फोन आला, म्हणून तो बोलत बोलत खाली उतरला. थोड्या वेळाने वर आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"ताई, मघाशी तू बाबांना काही म्हणालीस का?"

"मी इथेच आहे तासभर. का?"

"काही नाही. मी झाडाखाली उभा होतो, वरून काहीतरी ऐकू आलं." तो हसला. "मला वाटलं तूच. म्हणजे आवाज अगदी तुझा. कोणाचा तरी टीव्ही असणार."

"काय ऐकू आलं?"

"जाऊ दे गं."

"सांग तर."

तो ओट्यावरचा पाण्याचा थेंब बोटाने पुसत राहिला. "'मर ना रे एकदाचा.' असं काहीतरी."

कुकरची शिट्टी झाली. दीक्षाने गॅस बारीक केला.

हे ती कधीच म्हणाली नव्हती. गिळ म्हणाली होती, लाज काढली होती, मुद्दाम करतोस म्हणाली होती. पण हे नाही. हे फक्त मनात आलं होतं, आणि तेही अनेकदा नाही. हातात ओली चादर घेऊन उभी असताना, दुपारच्या उन्हात, शब्दांत नीट बसायच्या आत तिने ते ढकलून दिलं होतं. ओठ हलले नव्हते. तिला खात्री होती. चहा गाळेपर्यंत खात्री होती, कप सौरभच्या हातात देईपर्यंत तेवढी उरली नव्हती.

"टीव्हीच असेल," ती म्हणाली. "वरच्यांकडे दिवसभर मालिका चालू असतात."

सौरभने मान हलवली. निघताना त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू आहेस म्हणून बाबा आहेत." तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की झाडाखाली ऐकू आलेलं ते वाक्य कोण बोललं याची भीती तिला अजून वाटलीच नव्हती. सौरभने आणखी काय ऐकलं असेल, एवढंच ती इतका वेळ मोजत बसली होती.

५

सोसायटीचे अध्यक्ष संभाजीराव. दीक्षाने त्यांना गाठलं.

"मागच्या बॉटलब्रशच्या फांद्या कापून घ्यायला हव्यात. खिडकीत घुसतात, मुंग्या येतात."

"ते साहेबांचं झाड आहे," संभाजीराव म्हणाले. "एकदा आम्ही नुसता छाटणीचा विषय काढला होता, तर साहेबांनी सभेत आमची छाटणी केली होती."

"त्यांनाच त्रास होतो आता. त्यांना नकोय ते."

ज्याला बोलता येत नाही त्याच्या तोंडी काहीही घालता येतं, हे आता तिच्या अंगवळणी पडलं होतं.

परवानगी वगैरे सोपस्कार संभाजीरावांनी केले. एका सकाळी माणूस कोयता घेऊन झाडावर चढला. दीक्षाने बाबांचं तोंड भिंतीकडे करायचा प्रयत्न केला, पण त्यांनी डाव्या हाताने पलंगाची कड धरून ठेवली. प्रत्येक घावाला त्यांच्या गळ्यातून 'हं' आलं. खिडकीतली लाल गर्दी विरळ होत गेली आणि मग एकदम पांढरा, उघडा उजेड खोलीत आला. बाबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळत होतं.

"धूळ गेली वाटतं, बाबा," ती म्हणाली आणि तिने ते पुसलं.

त्यानंतर आवाज आला नाही. आठवडा गेला. जयाताई भेटल्या, म्हणाल्या, "बरं केलंस, काढलंस तिला. कशी शांतता आहे." दीक्षा दुपारी तास घेताना एक कान आत लावून बसायची, आतून पंख्याशिवाय काही यायचं नाही. तिची झोप परत आली. चेहऱ्यावर जरा टवटवी आली.

आणि त्याच आठवड्याच्या शेवटी, बाबांनी पेजेचा घास गालात धरून ठेवला तेव्हा तिने आधी खिडकीकडे पाहिलं. बाहेर बोडके खुंट होते, ऐकायला कोणी नव्हतं. ती वाकली आणि म्हणाली, "गिळ."

म्हणून झाल्यावर तिने चमचा खाली ठेवला. आपण धडा शिकलोय असं तिला वाटत होतं. प्रत्यक्षात ती फक्त ऐकणारं कोणी नसण्याची वाट बघत होती.

कापलेल्या फांद्या मागच्या भिंतीशी ढीग करून टाकलेल्या होत्या. बागेचा कचरा उचलणारी गाडी अजून आली नव्हती. मार्चचं ऊन त्यांच्यावर पडून होतं. कचऱ्याची बादली ठेवून परत येताना दीक्षा तिथे थांबली. पानं वाळून कुरकुरीत झाली होती, आणि रांगाच्या रांगा बोंडं उघडली होती. प्रत्येकाचं इवलंसं तोंड तीन पाकळ्यांनी फाटलेलं. तिने एक फांदी हलवली तर तळहातावर तपकिरीसारखी पूड पडली. बी असावं. एवढं बारीक.

आजूबाजूला कोणी नाही असं बघून तिने ती फांदी कानाशी नेली.

काही नव्हतं. वाळलेलं लाकूड होतं. फिजिक्स शिकवणारी बाई सरपणाला कान लावून उभी आहे याचं तिला हसू आलं, आणि पुष्कळ दिवसांनी ती खरंच हसली. झाडात काहीच नव्हतं. कधीच नव्हतं.

जिन्याच्या वळणावर तिचं हसू थांबलं.

झाडात काही नव्हतं, मग आवाज कुठून आला होता? झाडाखालून ऐकला तर तो वरून येत होता, आणि वर झाडाला लागून खिडकी होती. हॉलमधून ऐकला तर आतल्या खोलीतून. ती औषधांना गेली तेव्हा, ती झाडाखाली उभी होती तेव्हा, सौरभ फोनवर बोलत खाली गेला तेव्हा. जेव्हा जेव्हा तो आला, तेव्हा त्या खोलीत बाबा एकटे होते.

६

भरवून झालं की बाबांचं तोंड आतून पुसावं लागायचं. बोटाला गाळणीचं स्वच्छ कापड गुंडाळायचं, पाण्यात बुडवायचं, गालात अडकलेली पेज काढायची. हे ती रोज करत होती.

त्या संध्याकाळी तिचं बोट डाव्या गालाच्या आत फिरलं आणि थबकलं.

दातांच्या बाहेरून, हिरडीला लागून काहीतरी कडक होतं. गोल, मोहरीपेक्षा मोठं. त्याच्या शेजारी दुसरं. त्याच्या शेजारी आणखी. ओळ मागे, घशाकडे जात होती, आणि त्या ओळीच्या आत दुसरी ओळ होती. कापडातूनही तिला कळत होतं, की प्रत्येकाच्या मधोमध एक बारीक शिवण आहे, घट्ट मिटलेली.

बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांनी तोंड मिटलं नाही, चावलंही नाही. नुसतं तिला शोधू दिलं.

तिने बोट काढलं, मोबाइलचा टॉर्च लावला, गाल ओढून पाहिलं. गुलाबी, ओली, स्वच्छ कातडी. पेजेचा एक कण. बाकी काही नाही. टॉर्च विझवून तिने पुन्हा बोट घातलं. ओळ तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी येऊन गेले. हातमोजा घालून त्यांनी नीट तपासलं.

"तोंड कोरडं पडतंय. बाकी ठीक आहे. पाणी पाजत राहा."

"डाव्या बाजूला कडक काही लागतं का?"

"नाही." त्यांनी हातमोजा काढला आणि तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही झोपता ना नीट? इतकं करताय त्यांचं, स्वतःकडेही बघा जरा."

त्या दिवसापासून दीक्षा बाबांशी पुन्हा बोलू लागली. गोड बोलायची, स्पष्ट बोलायची, जवळ वाकून. "बाबा, किती छान खाल्लंत आज." "बाबा, तुमच्यामुळे मी शिकले." वाक्य संपलं की ती थांबायची, ते आत जाण्याची वाट बघितल्यासारखी. आपण हे कोणासाठी बोलतोय ते तिला ठाऊक होतं. बाबांनाही ठाऊक असावं. ते डोळे मिटून घ्यायचे.

रोज संध्याकाळी ती बोट घालून बघायची. गोड बोलण्याने ओळीत काही भर पडली नव्हती. फांदी वाळली की मगच, हे वाक्य तिने त्या दिवसांत एकदाही मनात पूर्ण होऊ दिलं नाही.

७

एप्रिलच्या सुरुवातीला बाबांच्या छातीत कफ भरला. डॉक्टर म्हणाले, हॉस्पिटलात नेलं तर नळ्या लागतील, दिवस वाढतील, त्रासही वाढेल. सौरभ आणि दीक्षाने ठरवलं, घरीच ठेवायचं.

त्या दुपारी खोली माणसांनी भरली होती. सौरभ पायाशी बसला होता. त्याची बायको चैताली मेणबत्ती लावून भिंतीशी उभी होती. दोन दिवसांपूर्वीच येऊन राहिलेली आत्या हलक्या आवाजात त्रिशरण म्हणत होती. दारात जयाताई, त्यांच्या मागे संभाजीराव. बाबांचा श्वास येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. जबडा सैल पडला होता.

दीक्षा उशाशी होती. तिने ऐकलं: टिक्.

वाळलेली शेंग उन्हात तडकावी तेवढाच आवाज. तिने सगळ्यांचे चेहरे पाहिले. कोणाला ऐकू आलं नव्हतं.

टिक्. टिक्.

"जरा सगळे बाहेर थांबाल का?" ती म्हणाली. "मला बाबांशी बोलायचंय. एकटीला."

आत्याचे डोळे भरून आले. चैतालीने सौरभला उठवलं. जयाताई जाता जाता आत आल्या आणि त्यांनी दीक्षाच्या डोक्यावरून हात फिरवला. "बोल बाई. मोकळी हो. इतकं केलंस त्यांचं."

दीक्षाने दार लावलं. कडी लावायचं तिला सुचलं नाही, किंवा तसं करणं वाईट दिसेल असं वाटलं.

ती पलंगावर बसली. बाबांचे डोळे अर्धे उघडे होते, खिडकीतल्या पांढऱ्या उजेडाकडे. चमच्यापुढे कधी उघडलं नव्हतं इतकं त्यांचं तोंड आता आपणहून उघडत होतं. जीभ स्थिर होती. ओठ स्थिर होते. आतून, फार आतून नाही, गालामागून, तिचा आवाज म्हणाला, "गिळ."

मग दुसरीकडून, जरा मागून, "मुद्दाम करतोस तू." त्याच्यावरच चढून आणखी एक. ती कधी काय बोलली होती ते तिला एकेक करून आठवत गेलं. काही तर तिला आठवतही नव्हतं, पण आवाज ओळखू येत होता. हळू होता. दातांतल्या दातांत, जसं ती बोलायची तसाच. दारापलीकडे आत्याचं त्रिशरण थांबलेलं तिला जाणवलं.

"बाबा," ती कुजबुजली, "हळू."

एवढंच तिला सुचलं. त्यांच्या शेवटच्या श्वासांत, इतक्या दिवसांनंतर, एवढंच मागणं.

आवाज वाढला. एकाचे दोन झाले, दोनाचे पाच. तिने आपला तळहात बाबांच्या तोंडावर ठेवला. आधी हलकेच, मग दाबून. तळव्याला ऊब लागली, आणि त्या उबेत लहान लहान कडा, एकामागून एक उलटताना लागल्या. बोटांच्या फटींतून तिचे शब्द बाहेर येतच होते. तिने दुसरा हातही ठेवला.

दार उघडलं.

सौरभ उंबऱ्यात उभा होता. त्याने तिचे दोन्ही हात पाहिले, ते कुठे आहेत ते पाहिलं. त्याच्या मागे हॉलमध्ये सगळे उठून उभे राहिले होते, पण पुढे कोणी आलं नाही.

"ताई," तो अगदी शांतपणे म्हणाला. "हात काढ."

तिने हात काढले. बाबांची छाती हलत नव्हती. कधी थांबली ते तिला कळलं नव्हतं, आणि आता ते तिला कोणीही सांगू शकणार नव्हतं. सौरभ पलंगाजवळ आला. त्याने बाबांच्या नाकाशी बोटं धरली, मग ती हळूच खाली घेतली. बाबांचं तोंड तसंच उघडं राहिलं होतं.

खोलीत काही क्षण काहीच नव्हतं. मग तिथून, अगदी स्पष्ट, आवाज आला. तिचाच, संथ आणि निवांत.

"मर ना रे एकदाचा."

हॉलमध्ये कोणीतरी खुर्ची धरली. दीक्षाने ओठ घट्ट मिटले आणि वर पाहिलं. सौरभ बाबांकडे बघत नव्हता. तो तिच्या ओठांकडे बघत होता, ते हलतायत का म्हणून.